विनंती थांबा

१० मे, शनिवार. आज दोन कामं होती. कुरडया घालायच्या आणि आबा जगदाळ्यांना समज द्यायची. पैकी कुरडया सोप्या. गहू भिजवून, वाटून, चीक काढून ठेवलेला होता. पहाटे उठून तो शिजवायचा आणि उन्हं तापायच्या आत गच्चीवर साच्यातून पाडायच्या, एवढंच. आबांना समज कशी द्यायची, याची कृती मात्र मला कुणी शिकवलेली नव्हती.

ज्यांनी आबांना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही साताऱ्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये आलात, बाई असलात आणि लिफ्टमध्ये शिरलात, की बाहेरून पत्र्यावर बोटांची पेरं दोनदा वाजतात. टक् टक्. नव्या माणसाला वाटतं, लिफ्ट बिघडली. लिफ्ट बिघडलेली नसते. आबांनी तुम्हाला डबल बेल दिलेली असते.

आबा एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी पाटण, कोयनानगर आणि मधल्या घाटातल्या फाट्यांवर गेली. एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला, एवढी विद्या एस.टी.त बसणाऱ्या सगळ्यांनाच असते. रिटायर होताना आबांनी तिकिटाचं मशीन जमा केलं, बिल्ला जमा केला, बेल तेवढी घरी घेऊन आले. रिक्षात बाईमाणूस बसलं की टपावर दोन थापा. कुणाची लेक माहेरपण करून निघाली की गाडीच्या डिकीवर दोन थापा. मी स्कूटीवर बसले की मागच्या नंबरप्लेटवर दोन टिचक्या. एकदा मला शाळेत जायला उशीर झाला होता (मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते), मी थांबले नाही. तर मागून आवाज आला, "वैनी, बेल व्हायची हुती अजून."

मला ते वैनी म्हणतात. माझ्यापेक्षा मोठ्या बायकांना माऊली, लहान मुलींना लेकी. पुरुषांना काही म्हणत नाहीत. पुरुषांनी आपलं आपण चढावं असं त्यांचं मत आहे.

मला वाटायचं, जन्मभर "पुढं सरका, आत मोकळं हाय" असं ओरडून या माणसानं जेवढ्यांना ढकललं, तेवढ्यांची आता भरपाई चालली असावी. हे मी एकदा त्यांना तोंडावरच विचारलं.

"न्हाई वैनी," आबा म्हणाले. "तवा बी बायकास्नी ताईच म्हनत हुतो. फकस्त मोठ्यानं."

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार उघडं राहिलं की ती जागची हलत नाही. गेटपाशी कुणी बाई पिशवी घेऊन दिसली की आबा ते दार धरून ठेवतात. ती बाई गेटपाशी उभी राहून फोनवर नणंदेची तब्येत विचारत असते, वर पाचव्या मजल्यावर घोरपडे नावाचे गृहस्थ बटण दाबदाबून थकतात आणि खाली आबा दाराला हात लावून शांत उभे. घोरपडे वरून ओरडतात, "लिफ्ट सोडा." आबा खालून सांगतात, "लेडीज चढत्यात." नणंदेची तब्येत बरी होईपर्यंत हे चालतं.

स्वतः आबा बाईबरोबर लिफ्टमध्ये जात नाहीत. "पिंजऱ्यात बाईमानूस एकटं असताना आपन कशाला शिरायचं?" म्हणून ते तिला बेल देऊन जिन्यानं वर जातात. राहतात तिसऱ्या मजल्यावर.

गेल्या वर्षी त्यांची दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरांकडं गेले, नंबर लावून बसले. नंबर आला की मागं जी बाई असेल तिला म्हणायचे, "आधी तुमी." दाताच्या डॉक्टरांकडं बायकाच जास्त होत्या. दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तेव्हा आबा शेवटी एकटे उरले, तेवढ्यात डॉक्टरीणबाई पर्स घेऊन बाहेर आल्या. आबा उठले, त्यांच्यासाठी दार धरलं आणि त्या गेल्यावर गाल धरून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी बरोबर गेले आणि नंबर आल्यावर त्यांना दंडाला धरून आत घातलं. त्यांनी वळून माझ्यासाठी दार धरायचा प्रयत्न केला.

पण या सगळ्याचा कळस झाला तो माझ्या पुतणीच्या लग्नात, कराडला. पाठवणीची वेळ. नवरी गाडीत मागं बसली. आबांनी तिच्या शालूचा काठ आत सरकवला, दार लावलं आणि सवयीनं टपावर दोन थापा मारल्या. आता योग असा की गाडी चालवायला बसलेला नवऱ्याच्या मामांचा दोस्त एस.टी.त ड्रायव्हर, रजेवर आलेला. जन्मभर जो आवाज ऐकून त्यानं गाडी हाकली तोच आवाज कानावर पडला. त्यानं मागं पाहिलं नाही. पहिला गिअर टाकला आणि निघाला. नवरदेव मुंडावळ्या बांधून अजून चुलत्यांच्या पाया पडत होता. उठून बघतो तर गाडी कोपऱ्यावर वळत होती.

पेट्रोल पंपापर्यंत गाडी गेली. तिथं नवरीनं मागून सांगितलं, "काका, हे राहिले."

ड्रायव्हर परत आला तो रागातच. "माझी काय चूक? बेल पडली हुती."

"मी लेडीजची बेल दिली हुती," आबा म्हणाले.

दोघांचं बोलणं नियमाला धरून होतं, त्यामुळं कुणालाच रागावता आलं नाही. पुतणीचा संसार छान चाललाय. नवरा अजून गाडीत आधी बसतो.

आता मी काही फार सौजन्याची बाई नाही. माझ्या पिशव्या मी उचलते. कुणी माझ्यासाठी दार धरलं की मला पळत जावं लागतं, नाहीतर धरणाऱ्याचा हात अवघडतो. त्यापेक्षा मी सावकाश येऊन माझं दार मी उघडलेलं बरं. आणि हल्लीच्या काळात बायकांना वाट करून देणारा माणूस भेटला तर आपण आधी पर्स घट्ट धरतो, मग आभार मानतो. त्यात बायकांची काही चूक नाही. अनुभव तसे असतात. आबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि मी सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळं ते कुणीतरी मीच होते.

झालं होतं ते असं. आबांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मार्चपासून ऋतुजा भाड्यानं राहते. मुलगी सांगलीची, म्हणजे माझ्या माहेरची. मिरजेला फिजिओथेरपी शिकली, इथं एका दवाखान्यात नोकरी करते. गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडं आली.

"काकू, एक सांगू? गैरसमज करून घेऊ नका."

"माझे गैरसमज होत नाहीत. बोल."

"ते समोरचे आबा. रोज मी आले की गेटपाशी उभे असतात. मला लिफ्टमध्ये घालतात, दोनदा वाजवतात. मी वर पोचते, तर हे जिन्यातून धापा टाकत वर."

"ते बायकांबरोबर लिफ्टमध्ये येत नाहीत."

"ते आता कळलं हो. पहिल्या दिवशी जिन्यातून नुसती धाप ऐकू आली, माणूस नंतर आला. मग मी कुलूप उघडेपर्यंत कठड्याला धरून उभे, माझ्याकडं पाठ करून. पाठमोरा उभा राहिलेला माणूस जास्त भीतीचा वाटतो, काकू. आणि मी आत जाऊन कडी लावली की परत टक् टक्."

मला हसू येत होतं, पण ती हसत नव्हती.

"ते वाईट नाहीत, मला कळतं," ती म्हणाली. "पण मी आत जायची कुणी वाट बघतंय म्हटलं की माझ्या हातून किल्ल्या पडतात. पडल्या की ते तिकडं तोंड करूनच म्हणतात, 'सावकाश लेकी, घाई न्हाई.' मग आणखी पडतात."

मुलीचं म्हणणं बरोबर होतं. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून घरी आलेल्या बाईला स्वतःच्या दारात तरी परीक्षा दिल्यासारखं वाटू नये. भलेपणा न मागता अंगावर आला तर त्याचंही ओझं होतं. मी तिला म्हटलं, बघते.

"नोटीस लावून टाक," आमचे हे पेपरातून मान न काढता म्हणाले.

"काय लिहू? सौजन्य दाखवण्यास सक्त मनाई आहे?"

त्यांनी पेपराचं पान उलटलं. खरी अडचण त्यांनाही माहीत होती. आबांच्या बायकोला, हौसाबाईंना, जाऊन बराच काळ झाला. मुलगा कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं आटवायचं काम करतो, विट्याकडची बरीच माणसं करतात तसं. रविवारी फोन करतो. बाकीचे सगळे दिवस आबांकडं बायकांना लिफ्टमध्ये बसवून देणं एवढंच काम होतं. ते काढून घेतलं तर हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत करणार काय, हे मला सुचत नव्हतं.

तर आज कुरडया पाडून झाल्यावर, दहाच्या सुमाराला, मी तिसऱ्या मजल्यावर गेले.

आबांच्या दाराची चौकट आधी दिसते, कारण सगळ्या मजल्यावर तेवढीच सोललेली आहे. दिवाळीला इमारत रंगवली तेव्हा सगळ्या चौकटी चॉकलेटी केल्या. ही राहिली. आबांनी रंगाऱ्याला सांगितलं, "आतनं कायबी रंगवा, चौकटीला हात लावायचा न्हाई." मी भांडले. सेक्रेटरी म्हणून भांडायलाच हवं होतं. आबा माझ्याशी एक शब्द भांडले नाहीत. त्यांनी रंगाऱ्याला या बसा केलं, चहा दिला, मग पोहे दिले, मग उन्हाचं आलाय म्हणून कोकम सरबत दिलं. एवढ्या पाहुणचारानंतर रंगारी लाजून चौथ्या मजल्यावर निघून गेला. सौजन्यानं माणसाला हाकलताही येतं हे मी तेव्हा पाहिलं.

"या वैनी," म्हणत आबांनी दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खाली स्वतःची कोल्हापुरी चप्पल अडकवली.

"आबा, दार लोटून घ्या. जरा खासगी बोलायचंय."

"न्हाई वैनी. एकटा मानूस हाय मी. तुमी आलाय तर दार उघडंच ऱ्हाईल."

त्यामुळं खासगी बोलणं मला कुजबुजत करावं लागलं. शिवाय मी बसल्याशिवाय ते बसेनात आणि मला उभ्या उभ्याच काम उरकायचं होतं. थोडा वेळ आम्ही दोघं उभेच. मग मी बसले. मग ते चहा करायला उठले.

चहाचा कप हातात आल्यावर मी एकदाचं सांगितलं. मुलीचं नाव घेतलं, कारण आडून बोललं तर ते सगळ्या मजल्यांवरच्या बायकांची माफी मागत फिरले असते. किल्ल्यांचंही सांगितलं. आबा ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. फाट्यावर उतरायचं विसरलेल्या म्हातारीचं गाऱ्हाणं ऐकावं तसे लक्षपूर्वक ऐकत होते.

"भ्याली व्हय ती?" त्यांनी विचारलं.

"भ्याली म्हणजे... अवघडते."

"मी पाठ करून उभा ऱ्हातो की."

"त्यालाच भ्याली."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "आमच्या मुक्कामी गाडीला बायका फाट्यावर उतरायच्या. अंधार. वस्ती आत. मी डायवरला सांगायचो, तिचं मानूस बत्ती घिऊन आल्याबिगर बेल पडायची न्हाई. डायवर शिव्या घालायचा. आवं, बाई खाली उतरली म्हंजी तिचा प्रवास संपला न्हाई. घरात गेली म्हंजी संपला."

"ते फाट्यावर, आबा. इथं तिसऱ्या मजल्यावर ट्यूबलाइट आहे."

"व्हय, हाय की."

"आणि आपण कुणासाठी थांबायचं ते आधी तिला विचारावं."

"इचारलं तर न्हाई म्हनंल."

"मग नाही."

आबांनी कप बशीत ठेवला. "म्हंजी पाशिंजरनं दोरी वढली म्हना. सिंगल बेल."

"तसंच."

"त्यो हक्क हाय पाशिंजरला. कुनी बी वढावी. बेल पडली की कंडक्टरनं का म्हनून इचारायचं न्हाई, थांबायचं." ते उठले. "थांबली गाडी, वैनी. तिला सांगा."

एवढ्या सोप्यात काम होईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "फक्त तिच्यापुरतं हं, आबा. बाकीच्यांचं चालू द्या."

"असं कसं? एका पाशिंजरसाठी गाडी थांबली म्हंजी सगळ्यास्नीच थांबली की."

मी कप खाली ठेवला. मी बाहेर पडले, लिफ्टमध्ये शिरले, जाळी ओढली आणि उभी राहिले. बराच वेळ लिफ्ट हलेना. मग लक्षात आलं, मी बटणच दाबलं नव्हतं. कसली वाट बघत होते ते सांगायला नको.

दरवर्षी आमच्या कुरडया राखायला आबा गच्चीवर येतात. प्लॅस्टिकची खुर्ची टाकतात, हातात काठी घेतात आणि आम्हा बायकांचे पदर खोचलेले असतात म्हणून आमच्याकडं पाठ करून बसतात. म्हणजे कुरडयांकडंही पाठच. समोरच्या पाण्याच्या टाकीवर डोळे लावून ते "हाड् हाड्" करत राहतात आणि मागं कबुतरं आरामात एक ओळ खाऊन जातात. दुपारी राखण संपली की त्यांना वाटीभर चीक द्यायचा, दूध साखर घालून. तो त्यांचा वाटा ठरलेला.

आज ते आले नाहीत. पाठमोरे का होईना, आबा असताना एक ओळ जायची. आज तीन गेल्या. चिकाची वाटी झाकून ठेवली ती तशीच राहिली.

खाली तर बघायला नको. लिफ्ट बिनबोभाट वरखाली होत होती. घोरपड्यांनी पहिल्यांदाच बटण दाबलं आणि लिफ्ट आली, तर ते आत शिरण्याआधी दचकून बघत राहिले. त्यांची बायको भाजीच्या दोन पिशव्या घेऊन लिफ्टपाशी आली आणि दार कुणीतरी उघडेल म्हणून तशीच उभी राहिली. शेवटी पायानं जाळी सरकवताना एका पिशवीतली वांगी पार्किंगभर झाली. संध्याकाळपर्यंत तिघींनी मला विचारलं, आबा गावाला गेले का. मी म्हटलं, नाही, घरात आहेत. मग आजारी आहेत का? नाही, तेही नाही. मग, असं म्हणून तिघींनीही पाणीपुरवठा मीच तोडल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

सात वाजता ऋतुजा आली. दारातच म्हणाली, "काकू, आबा खाली नव्हते. वरही नव्हते."

"मग झालं तर. पडल्या का किल्ल्या?"

"नाही." ती तिथंच घुटमळली. "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

मी सगळं सांगितलं, गाडी सगळ्यांसाठी थांबल्याचंसुद्धा.

"मी एवढं नव्हतं म्हटलं, काकू. माझ्या दाराशी थांबू नका, एवढंच. खाली लिफ्टचं दार धरलं तर मला बरंच असतं. दोन्ही हातांत सामान असतं माझ्या."

"मग हे तू त्यांना सांग. माझ्यामार्फत सांगितलं की त्यात माझं काहीतरी मिसळतं."

मी चिकाची वाटी घेतली आणि आम्ही दोघी वर गेलो. आबांनी दार उघडलं, आम्हाला बघून मागं सरकले आणि चप्पल दारात अडकवली. नुसती वाटी देऊन परतायचं असं मी ठरवलं होतं. पण ऋतुजा चौकटीपाशी थांबली. कडीच्या जरा खाली, रंग पार गेलेल्या लाकडात दोन खळगे आहेत, बोटाचं टोक बसेल एवढे. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"आबा, हे कशानं झालंय?"

या चौकटीवरून माझा आणि आबांचा दिवाळीत एवढा तंटा झाला, पण हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा तिनं विचारला.

"पळीनं," आबा म्हणाले.

"कसल्या पळीनं?"

"आमटीच्या. हौसाची हुती." ते वाटीकडं बघत बोलत होते. "मी ड्यूटीला निघालो की ती मागनं चौकटीवर दोन ठोके द्यायची. चेष्टा हुती आधी. लगीन नवं, माझा पाय निघायचा न्हाई घरातनं, तर म्हनाली, कंडक्टर बेलबिगर हलत न्हाईत वाटतं, आन् दिली बेल. मग रोजच. रिटायर होऊन हितं आलो तरी सोडलं न्हाई. मी काय, दूध आनाया खाली जायचो. तरी बेल. लोकं हसायची."

"आणि तुम्ही काय करायचा?" ऋतुजानं विचारलं.

"बेल पडल्यावर मागं बगत नसत्यात, लेकी. पुढं बगायचं. नुसता हात वर करायचा, कळली म्हनून."

ऋतुजाचं बोट अजून त्या खळग्यावरच होतं. खाली रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता.

"आता?" मी विचारलं. मला अर्धवट माहिती चालत नाही.

"आता बिनबेलचाच निघतो," आबा म्हणाले. "आवं, कंडक्टरला बेल कोन देनार? त्योच देतो की सगळ्यास्नी."

आणि आपण आम्हाला फार वेळ उभं ठेवलं असं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम "बसा, बसा, च्या टाकतो" करायला लागले. ऋतुजा बसली नाही.

"आबा, माझ्या दारापाशी थांबू नका. ते मला नको," ती सरळ म्हणाली. मला तिचा तो सरळपणा आवडला. "पण खाली लिफ्टपाशी मला दार धरलेलं चालेल. हातात सामान असलं तर मी हाक मारीन. नसलं तर माझी मी जाईन."

आबा विचार करत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर, रस्ता सापडलेल्या माणसाचा येतो तसा उजेड आला.

"म्हंजी विनंती थांबा," ते म्हणाले.

ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, रस्त्याच्या कडेला एस.टी.ची तशी पाटी असते. तिथं गाडी आपणहून थांबत नाही. कुणी हात केला तर थांबते, नाहीतर पुढं जाते.

"सगळ्यास्नीच तसं ठेवतो," आबा म्हणाले. "ज्यानं हात केला त्याला गाडी. न्हाई केला, राम राम. ह्यात कुनाला भ्यायचं कारन न्हाई." आणि मग जरा खालच्या आवाजात, "बेल दिली तर चालंल का? खालीच. एकदाच."

"चालेल," ऋतुजा म्हणाली.

आम्ही निघालो. तिचं दार समोरच. तिनं किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत गेली. आबा तोपर्यंत आपल्या घरात पाठ फिरवून चीक खात होते. फार कष्टानं खात होते असं मला वाटलं, पण वळले नाहीत.

मी जिन्यानं खाली आले. आमच्या ह्यांनी विचारलं, "मग? मिटलं का?"

"ऋतुजाचं मिटलं," मी म्हटलं.

रात्री भांडी लावताना माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. विनंती थांब्याची सोय चांगली आहे, नव्या काळाला धरून आहे, वाद नाही. पण त्यात हात करावा लागतो. काही माणसं आयुष्यभर इतरांचे हात बघत दारात उभी राहिलेली असतात. स्वतः हात करून गाडी थांबवणं त्यांना येतच नाही.

अकरा तारीख, रविवार. आबा सहाला दूध आणायला उतरतात. एकट्यासाठी लिफ्ट वापरत नाहीत. एका माणसाला एवढी वीज कशाला, म्हणतात. आम्ही पहिल्या मजल्यावर. मी चहाचं आधण ठेवलं, फडताळातून आमटीची पळी काढली आणि दार उघडून उभी राहिले. वरून चपलांचा आवाज आला. आबा माझ्यासमोरून खाली गेले. मान खाली, हातात किटली, मला काही बघितलं नाही. पाच-सहा पायऱ्या उतरू दिल्या आणि मी पळी आमच्या चौकटीवर मारली. दोनदा.

चपलांचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. माझं आधण उकळून जायच्या बेताला आलं. मग आबांनी किटली डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला आणि मागं न बघता खाली उतरत गेले.

"काय वाजलं गं?" आतून ह्यांनी विचारलं.

"बेल."

"चौकटीचा नवा रंग जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं, गॅस बंद केला आणि कुरडया उलटायला गच्चीवर गेले.